बारा व्होल्ट म्हणजे नक्की किती?

बारा व्होल्टची बॅटरी जर चांगली असेल तर ती बारा व्होल्टची नसते! हा पीजे नाही. पिकअपची बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर नुसती ठेवली आणि सकाळी मीटर लावला, तर आकडा १२.६ च्या आसपास यायला हवा. १२.२ आला तर ती अर्धी रिकामी झालेली असते, आणि अगदी १२.० आला तर साधारण पाव भागच उरलाय असं समजायचं. मी आमच्या विंगमध्ये विचारून बघितलं. मीटरवर बारा दिसले तर काय म्हणशील? सहापैकी पाच जणी म्हणाल्या, "ओके आहे." सहावी सिव्हिलची. ती म्हणाली, मला मीटर दाखवूच नकोस.

कारण साधं आहे. आत सहा सेल असतात, प्रत्येक सुमारे २.१ व्होल्टचा. हा २.१ कुठून येतो? ॲसिडच्या दाटपणावरून. बॅटरीवाले काचेची नळी बुडवून जी 'ग्रॅव्हिटी' बघतात ना, त्या आकड्यात ०.८४ मिळवा, एका सेलचा व्होल्टेज मिळतो. १.२६ अधिक ०.८४ म्हणजे २.१०, गुणिले सहा, १२.६. बॅटरी उतरत जाते तसं ॲसिड पातळ होतं आणि आकडा खाली येतो. म्हणजे १२.६ पासून ११.९ पर्यंत, जेमतेम पाऊण व्होल्टमध्ये भरलेल्या बॅटरीपासून रिकाम्या बॅटरीपर्यंतचा सगळा प्रवास. आणि आपण जर्नलमध्ये "अंदाजे १२ व्होल्ट" लिहून सही घेतो.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. नुसता आकडा सांगून काही उपयोग नाही, तो *कधी* घेतला हे सांगितलं पाहिजे. गाडी आत्ताच बंद केली असेल तर १२.९ सुद्धा दिसतील, तो वरवरचा चार्ज असतो. दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. इंजिन चालू असेल तर १३.८ ते १४.४ हवेत, कारण तेव्हा आपण बॅटरी मोजत नसून अल्टरनेटर मोजत असतो. (काही नव्या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर हा व्होल्टेज मुद्दाम कमीजास्त करतो, तिथे १२.८ दिसले म्हणून लगेच घाबरायचं नाही.) आणि सेल्फ मारताना काय होतं, हा तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा आकडा, तो तर कुणी बघतच नाही.

आता भाषेचा मुद्दा. मी कॉन्व्हेंटची, 'विभवांतर' हा शब्द मी पहिल्यांदा मराठी माध्यमाच्या रूममेटच्या पुस्तकात वाचला. पण गॅरेजमध्ये विभवांतर नाही आणि व्होल्टेजही नाही. तिथे सगळ्याला 'करंट' म्हणतात. "बॅटरीत करंट नाय." आपण इंजिनिअरिंगवाले यावर हसतो, की बघा, यांना व्होल्टेज आणि करंट यातला फरक कळत नाही. मला वाटतं हसू नये. १२.५ व्होल्ट दाखवणारी गाडी जेव्हा सेल्फ मारल्यावर नुसती 'टक्' करते, तेव्हा खरोखरच करंट पोचत नसतो. तो बरोबरच बोलतोय. प्रश्न एवढाच की करंट अडलाय कुठे, आणि इथेच लोकांचे पैसे जातात.

आमच्या मेसला भाजी आणणारे काका आहेत, स्वतःची पिकअप. वर्षभरात त्यांनी दोन नव्या बॅटऱ्या घातल्या. दर वेळी दुकानात एकच उत्तर, बॅटरी गेली, बदला. तिसऱ्यांदा मेसच्या मागे गाडी अडली आणि काका धक्का मारायला पोरं शोधत होते. मला म्हणाले, "ताई, मार्केटला पोचायला उशीर झाला की माल दुसऱ्याच्या गाडीत जातो. बॅटरी नवी हाय, पण करंटच नाय तिच्यात." तेवढ्यात वर्कशॉपचे मामा मीटर घेऊन आले. बॅटरी १२.५. मग त्यांनी काकांना सेल्फ मारायला लावलं. बॅटरीच्या टोकांवर १०.९. हे चांगलंच म्हणायचं, साधारण ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घ्यायचा. नंतर मामांनी एक पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवली आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर. परत सेल्फ. आकडा आला २.१!

तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी यायला हवं होतं. दोन व्होल्ट चेसिसपासून इंजिनला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतच खलास होत होते. बोल्टखाली गंज होता, पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. स्टार्टर दीडशे अँपिअर घेतो असं धरा, २.१ भागिले १५०, म्हणजे १४ मिलिओहम. एवढासा रेझिस्टन्स साध्या मीटरवर दिसतच नाही, त्याच्या वायरींचाच त्याहून जास्त असतो. कंटिन्युइटी लावली तर मीटर आनंदाने 'बीप' करणार. करंट वाहत असतानाच तो दोष पकडता येतो. फर्स्ट इयरचा ओहमचा नियम, दुसरं काही नाही.

आणि नव्या बॅटऱ्या का मेल्या? चार्जिंगचा करंटही त्याच पट्टीतून परत जातो. ४० अँपिअर असेल तर अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. १४.२ निघाले तरी बॅटरीला मिळतात १३.६. पहाटेचे हेडलाइट, थांबत थांबत छोट्या फेऱ्या, बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, आणि अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट कडक होत जातं. पट्टी बदलून बोल्ट पॉलिश पेपरने घासायला अर्धा तास लागला. काकांचे दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले ते गेलेच.

दुकानदार लबाड होता असं मी म्हणत नाही. बॅटरी बदलली की गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश. पण आपण चार वर्षं शिकून हेच उत्तर देणार असू तर कठीण आहे. आपल्या लॅबमध्ये रेग्युलेटेड सप्लाय आहे. नॉब फिरवला की १२.००, कितीही वेळ. त्याला गंज नाही, उन्हाळा नाही, सल्फेट नाही. अशा सप्लायवर शिकलेल्या मुलाला सेल्फ मारताना १०.९ दिसले तर तो घाबरणार, आणि पार्किंगमध्ये १२.० दिसले तर निवांत राहणार. नेमकं उलटं!

आणखी एक, कारण हायवेवर हे होतं. ट्रकमध्ये बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणून २४. पण दोन बॅटऱ्या दिसल्या की २४ असं समीकरण नाही. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या पॅरलल असतात, करंट वाढतो, व्होल्टेज बाराच. आपल्या बारावाल्या पिकअपला ट्रकचे २४ देऊन कुणी 'मदत' करायला आलं तर हात जोडून नको म्हणा, इलेक्ट्रॉनिक्स जळेल.

तर डिपार्टमेंटला आणि एचओडी सरांना विनंती: लॅबमध्ये एक खरीखुरी वापरलेली लेड-ॲसिड बॅटरी, एक जुना स्टार्टर आणि एक गंजलेली अर्थिंगची पट्टी ठेवा. भंगारातून मिळेल, बजेट लागणार नाही. विरघळलेलं ॲसिड आणि हायड्रोजन यांची काळजी घ्यायला मामा आहेतच. तोपर्यंत ज्यांना हे तीन आकडे स्वतः घ्यायचेत त्यांनी सकाळी साडेसहाला मेसच्या मागे यावं. काकांनी हो म्हटलंय, फक्त टोमॅटो उतरवायला हात लावावा लागेल. मीटर आपापला आणायचा.