कुजक्या लाकडाचा दोनशे वर्षांचा धडा

ब्रिटिश नौदलाची ‘क्वीन शार्लट’ ही युद्धनौका १८१० मध्ये डेप्टफर्डच्या गोदीतून पाण्यात उतरली आणि मोहिमेवर निघण्याआधीच कुजली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत लाकूड पुरते वाळवायला उसंत नव्हती. निसर्गअभ्यासक जेम्स सोवर्बी यांनी तिच्यावरची बुरशी तपासली; पण बुरशीमुळे लाकूड कुजते की कुजल्यावर बुरशी धरते, याचे ठाम उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेली सागवानी ‘त्रिंकोमाली’ मात्र इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर उभी आहे. सागाच्या गाभ्यातली द्रव्ये बुरशीला सहजी शिरकाव करू देत नाहीत.

स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून बुरशींची मांडणी केली ती रूपावरून. अळंबीच्या खालच्या अंगाला पडदे आहेत, छिद्रे आहेत की काटे, हे पाहायचे. ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालली, पण कोणती बुरशी लाकडाचे काय करते हे तिच्यातून कळत नव्हते. जर्मन वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७८ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या आधारे दाखवून दिले की बुरशीचे तंतूच लाकडाच्या पेशींत घुसून ते पोखरतात, आणि निरनिराळ्या बुरशींच्या खुणाही निरनिराळ्या असतात.

या खुणा हाताने चाचपता येतात. तपकिरी कूज लाकडाच्या तंतूंतले सेल्युलोज फस्त करते आणि त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन बहुतांशी मागे ठेवते. लाकडाला उभ्याआडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे होतात आणि चिमटीत धरताच त्यांचा भुगा होतो. पांढरी कूज लिग्निनही फोडते; उरते ते फिकट, तंतुमय, बोटाने दाबले तर दबणारे लाकूड. सतत ओल्या लाकडाला वरून मऊ करत जाणारी तिसरी कूज विसाव्या शतकाच्या मध्यात वेगळी ओळखली गेली. लिग्निन फोडणारे विकर (एन्झाइम) १९८३ मध्ये हाती लागले. पुढे जनुकांच्या अभ्यासातून कळले की पांढऱ्या कुजीच्या पूर्वजांपासून तपकिरी कूज स्वतंत्रपणे अनेकदा उपजली, आणि काही बुरशी या दोन्ही कप्प्यांत नीट बसत नाहीत.

बुरशीला नाव रूपावरून देता येते. तिच्याशी वागायचे कसे, हे तिचे काम पाहूनच ठरते. घरात तिचे सारे बळ ओलाव्यात असते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली राहिला तर कूज सहसा सुरूच होत नाही, म्हणून औषध फासण्याआधी गळती थांबवावी. जंगलात मात्र तिचे काम अडवणे म्हणजे मातीची उपासमार. लिग्निनसारखे चिवट द्रव्य मोडून खोडातला कार्बन आणि खनिजे पुन्हा चक्रात आणण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. वनखात्याने आणि गावकऱ्यांनी सफाईच्या नावाखाली जंगलातले कुजके ओंडके उचलू नयेत. ते पडल्या जागीच राहू द्यावेत.