गीझर चालू, तक्रार बंद!

वॉरंटीतली वस्तू बिघडली की आपण कसे निर्धास्त असतो, नाही? बिल फाईलमध्ये, फाईल कपाटात, बाकी कंपनी बघेल! मिक्सर, टीव्हीच्या बाबतीत हे ठीक आहे. गॅस गीझरच्या बाबतीत अजिबात नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. कंपनीला तक्रार बंद करायची असते आणि आपल्याला गरम पाणी हवं असतं. गीझर मुळात विझला का, हा प्रश्न दोघांनाही नको असतो.

आता आमचंच उदाहरण घ्या. कंपनीच्याच माणसाने बाथरूममध्ये बसवलेला, जेमतेम सात महिने झालेला गीझर. आंघोळीच्या मध्येच ज्योत विझायची. (पुण्यातला डिसेंबर, डोक्याला शांपू... कल्पना करा!) सर्व्हिसवाला दोनदा आला. दोन्ही वेळा नळ सोडला, टकटक झाली, दोन मिनिटं मस्त गरम पाणी आलं. "साहेब, चालतोय की!" सही, रामराम. आमच्या धंद्यात याला 'कान्ट रिप्रोड्यूस' म्हणतात. टेस्टरने बग टाकायचा आणि डेव्हलपरने एवढं लिहून तो बंद करायचा.

खरं तर हे यंत्र तसं साधं आहे. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तो एक छोटा स्विच दाबतो. मग दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतो. सेन्सरला ज्योत जाणवली नाही तर व्हॉल्व्ह पुन्हा बंद. त्यामुळे घोळ कुठल्या पायरीवर आहे याचा अंदाज स्क्रू-ड्रायव्हर न उचलताही येतो:

- टकटकच होत नाही: सेल संपलेत, किंवा पाण्याचा दाब कमी आहे. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हे नेहमीचं. पाणी आत येतं तिथली जाळी कचऱ्याने तुंबली असेल तरी हेच होतं.
- टकटक होते पण पेटत नाही: गॅस पोचत नाहीये. नवीन सिलिंडर लावल्यावर नळीत हवा असते, तेव्हाही असं होतं.
- पेटून लगेच विझतो: ज्योतीचा सेन्सर मळलाय किंवा हललाय. हे काम सर्व्हिसवाल्याचं.
- बराच वेळ चालून विझतो: इथे घड्याळ लावा. बरोबर 20 मिनिटं होत असतील तर अनेक मॉडेल्समध्ये तो टायमर असतो, बिघाड नव्हे.

आमचा आठ-नऊ मिनिटांत विझत होता. चार दिवस नोंद ठेवली. खिडकी उघडी असेल तर एकदाही नाही, बंद असेल तर प्रत्येक वेळी. काही मॉडेल्समध्ये खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर असतो. आमच्यात तो होता, आणि तो आपलं काम चोख करत होता! सर्व्हिसवाला मात्र दार सताड उघडं ठेवून दोन मिनिटं तपासायचा. त्याला काय दिसणार?

तिसऱ्यांदा आल्यावर तो म्हणाला, "सेन्सर काढून डायरेक्ट करून देतो, परत कटकट नाही." मी नको म्हटलं. कारण हवा कमी पडली की अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. गळणाऱ्या गॅसचा वास यावा म्हणून एलपीजीत मुद्दाम वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साईडला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, आणि दाराची कडी काढायचं भान राहीलच असं नाही. बंद बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतोच.

सर्व्हिसवाल्यावर माझा राग नाही. दिवसाचे कॉल संपवायचे एवढंच त्याला सांगितलेलं असतं. माझा आक्षेप आहे तो वॉरंटी फक्त डब्याची असते याला. गीझर कुठे बसवलाय, हवा कुठून येते, धूर कुठे जातो, हे जॉबशीटवर लिहिल्याशिवाय कंपनीला तक्रार बंद करताच येऊ नये. बसवणारा कंपनीचा, तर जागाही कंपनीने तपासलेली हवी.

तोवर आपण काय करायचं? कोणत्या परिस्थितीत बंद पडतो ते स्वतः जॉबशीटवर लिहायला लावा, कॉपी ठेवा. कोणी सुरक्षेचा सेन्सर काढू म्हणालं तर ठाम नकार द्या. कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे 1915. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं.

आमचा गीझर आता ड्राय बाल्कनीत आहे, आत येतो तो फक्त पाण्याचा पाईप. हलवायचा खर्च अर्थातच आम्ही केला, कारण तो वॉरंटीत बसत नाही म्हणे! असो. तुमचा गीझर बाथरूममध्येच असेल तर उद्याची आंघोळ खिडकी उघडी ठेवून करा, आणि सोमवारी तो बाहेर हलवायला प्लंबरला फोन करा.