पंगत आणि प्रतिज्ञा

नवरात्र आले की पातूरच्या रेणुकामातेच्या टेकडीकडे माणसांची रीघ लागते आणि आपल्या वसतिगृहात दरवर्षीचा प्रश्न पुन्हा निघतो. मित्राच्या घरचे बोलावणे आले आहे. बौद्ध मुलाने जावे की नाही? पालकांत यावर दोन तट आहेत. माझे मत असे की अवश्य जावे, मात्र उपासक म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा राम-कृष्ण, गौरी-गणपती यांची उपासना नाकारतात. शेजाऱ्याच्या घरचा फराळ नाकारीत नाहीत. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञाही त्यांतच आहे. मात्र यजमानांनीही थोडा इतिहास आठवावा. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 1927 साली आपल्या वाडवडिलांना चळवळ उभारावी लागली. ज्यांना त्या दाराशी अडविले, त्यांच्या नातवंडांपुढे आज कोणी आरतीचे तबक धरले आणि त्यांचे हात मागेच राहिले, तर तो उद्धटपणा नव्हे. हे समजणारी घरे पातुरात आहेत, हे मी समाधानाने नमूद करतो.

शिखांच्या बाबतीत तर संकोचाचे कारणच थोडे. पातूरवरून जाणारा रस्ता वाशीम, हिंगोली करीत नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबला पोचतो. गुरू गोविंदसिंगांचा अंत 1708 मध्ये तेथेच झाला. वाटेवरच्या हिंगोली जिल्ह्यात नरसी हे नामदेवांचे गाव आहे. नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. रविदासांची आहेत, आणि ज्यांना बाबासाहेब गुरू मानीत त्या कबीरांचीही आहेत. येवल्याच्या 1935 च्या घोषणेनंतर बाबासाहेबांनी शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला होता. 1936 मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेलाही गेले होते. तेव्हा शाळेची सहल एकदा गुरुपर्वाला नांदेडला न्यावी. चवदार तळ्याचा धडा वाचलेल्या मुलांनी डोक्याला रुमाल बांधून लंगरच्या पंगतीत बसावे, जमल्यास वाढायलाही उठावे. शेजारी कोण बसले आहे, हे तेथे कोणी विचारीत नाही. माथा टेकावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिक्षकांनी त्यावर नजर ठेवू नये.

हाच न्याय आपल्या प्रार्थना-सभागृहालाही लागू होतो. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक उपासनेस भाग पाडता येत नाही, असे संविधानाचे कलम 28 सांगते. इतर शाळांतील सरस्वतीपूजनाच्या सक्तीविरुद्ध हे कलम आपण हक्काने पुढे करतो. आपल्या वसतिगृहात बंजारा, आंध, मुस्लिम घरांतील मुलेही राहतात आणि सकाळच्या बुद्धवंदनेला सर्वांबरोबर ओळीत उभी असतात. कित्येक जण ती आवडीने म्हणतात, हे खरे. पण आवड आणि संमती या निराळ्या गोष्टी आहेत. प्रवेशाच्या वेळी त्यांच्या पालकांना स्पष्ट विचारावे, लेखी उत्तर घ्यावे आणि ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी त्या अर्ध्या तासात वाचनालय उघडे ठेवावे. येत्या सत्रापूर्वी व्यवस्थापन समितीने तसा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे.