घराची अब्रू कोणीं राखावी?

हळदीकुंकवास जी गृहिणी सर्वांत हंसतमुख दिसते, तिच्या घरांत काय चाललें आहे हें शेजाऱ्यांस सहसा कळत नाहीं. पति परस्त्रीच्या नादीं लागला आहे हें तिला ठाऊक असतें, सासूस ठाऊक असतें, पेढीवरील दिवाणजींसही ठाऊक असतें. तथापि चारचौघांत त्याच्या शेजारीं पाटावर बसून ती सत्यनारायण यथासांग पार पाडते. लोक म्हणतात, 'केवढी सोशीक! घराची अब्रू झांकली.' आमचा ह्या स्तुतीसच आक्षेप आहे. अब्रू घालविली एकानें आणि ती झांकण्याचें ओझें दुसरीच्या शिरावर, हा कोठला न्याय?

कायद्याची दृष्टिही पूर्वीं अशीच तिरपी होती. १८६० च्या दंडसंहितेंतील कलम ४९७ अन्वयें व्यभिचाराची फिर्याद परस्त्रीच्या पतीस करतां येई. फसविल्या गेलेल्या पत्नीस ती मुभा नव्हती. सर्वोच्च न्यायालयानें २७ सप्टेंबर २०१८ रोजीं तें कलम रद्द केलें, हें योग्यच झालें. शयनगृहांत पोलिसांचें काम नाहीं. परंतु दिवाणी हक्क शाबूत आहेत. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत व्यभिचार हें घटस्फोटाचें कारण आहे. घटस्फोट नको असेल, तर १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्याचें कलम १८ पाहावें: पति दुसरी स्त्री घरांत ठेवील, किंवा अन्यत्र तिच्यापाशीं नित्य राहील, तर पत्नीस विभक्त राहून पोटगी मागतां येते.

मग हे हक्क कागदावरच कां राहतात? कारण 'लोक काय म्हणतील' हें न लिहिलेलें कलम सर्व कायद्यांवर मात करितें. माहेर म्हणतें, धाकटीचें लग्न व्हावयाचें आहे. सासर म्हणतें, पुरुषाची जात, येईल ताळ्यावर. मुलांसाठीं तिनेंच मौन पत्करलें तर इतरांनीं कां बोलावें, असेंही कोणी विचारतील. राहावें कीं निघावें हा निर्णय सर्वस्वी तिचा, हें आम्हांस मान्य आहे. पण जिला परतावयास दारच उघडें नाहीं, तिच्या मौनास निवड म्हणतां येत नाहीं.

आमच्या व्यापारी बंधूंस एवढेंच विचारावयाचें आहे. हिशेबांत खोट करणाऱ्या भागीदारास तुम्ही जाब विचारतां. ज्याचें नुकसान झालें त्यास 'बोभाटा करूं नको' असें दटावीत नाहीं. तोच व्यवहार घरीं लावा. जांवयास जाब विचारा, स्वतःच्या मुलासही विचारा. आणि लेकीस आजच सांगून ठेवा कीं, ह्या घरांतील तुझी खोली तुझीच आहे.