नोंदी यंत्राला द्या, चौकशी आपण करा

आमच्या फीचा मोठा हिस्सा सल्ल्याचा कधी नव्हताच, तो टायपिंगचा होता, हे आमच्या व्यवसायात कुणी उघड बोलत नाही. बिलं टॅलीत चढवायची, बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं, शेवटच्या तारखेला पोर्टल रात्री जरा हलकं झालं की रिटर्न ढकलायचं. इचलकरंजीत मी तीसेक वर्षं सीए म्हणून काम करते. विक्रीकर, मग २००५चा व्हॅट, मग २०१७चा जीएसटी, सगळे याच टेबलावर आले. दर वेळी ‘आता आपलं दुकान बंद’ म्हणणारे होते आणि दर वेळी काम वाढलं. त्यामुळे एआय आल्यावरही बरेच सहकारी म्हणाले, हेही तसंच, होईल सवय. मला तसं वाटत नाही. पूर्वी कायदा बदलला की टायपिंग वाढायचं. आता कायदा बदललाय आणि टायपिंगच उरणार नाही.

आधी कायद्याचं. १ एप्रिल २०२६पासून १९६१चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५चा लागू झाला. पाच लाखांवर शब्द होते, ते जवळपास निम्मे झाले. आठशेवर गेलेली कलमं ५३६वर आली. मूळ धोरण फारसं हललं नाही, कलमांचे पत्ते मात्र बदलले. ८० सी आता १२३ आहे. गृहीत नफ्याची ४४ एडी, ४४ एडीए, ४४ एई ही तिघं ५८मध्ये एकत्र राहायला गेली. पगार सोडला तर टीडीएसची जवळजवळ सगळी फौज ३९३च्या तक्त्यांत बसवली आहे. ‘वन नाइन्टी फोर सी कापलाय का?’ हे इथल्या पेढीवरच्या दिवाणजीलाही पाठ होतं; नव्या कायद्यात तो आकडाच नाही. शिवाय जुना कायदा अजून मेलेला नाही. २०२५-२६च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याने जायचं, आणि त्याआधीच्या वर्षांच्या नोटिसा, अपिलं, फेरआकारणी अजून काही वर्षं जुन्याच कलमांखाली चालणार. एकाच क्लायंटच्या फाइलमध्ये दोन कायदे शेजारी शेजारी.

इथे यंत्र खरंच कामाला येतं. जुनं कलम दिलं की नवं शोधून देतं, नोटिशीचा मुद्देवार गोषवारा काढतं, उत्तराचा कच्चा मसुदा करतं. मी वापरते, आणि न वापरणाऱ्यांचं मला कौतुक नाही. पण त्याने वाचलेला बहुतेक मजकूर साठ वर्षांच्या जुन्या कायद्यावरचा आहे. त्यामुळे नव्या वर्षाचं विचारलं तरी ते ठामपणे जुनं कलम सांगून मोकळं होतं. विचारताना वर्ष आणि कायदा दोन्ही सांगावे लागतात, आणि उत्तर आल्यावर मूळ कलम उघडावंच लागतं.

न उघडण्याची किंमत काय, ते ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिसलं. एका कंपनीने सुमारे तीन कोटींचं उत्पन्न दाखवलं होतं. खात्याच्या आकारणी आदेशात ते जवळपास २८ कोटी झालं. त्यात आधाराला दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला आणि यंत्राने पुढे केलेली माहिती पडताळल्याशिवाय अशा कामात वापरू नका, असं बजावलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी खात्याची यथेच्छ टिंगल झाली. मी गप्प राहिले. आपल्याकडून खात्याला जाणाऱ्या उत्तरांत हल्ली काय काय चिकटवलेलं असतं, ते मी पाहिलेलं आहे. माझ्या कार्यालयात आता साधा नियम आहे : ज्या निवाड्याची मूळ प्रत उघडून संबंधित परिच्छेद वाचलेला नाही, तो उत्तरात जाणार नाही. जबाबदारी माझ्या नावावर येते, चॅटबॉटच्या नाही.

यंत्रापुढे मान तुकवायची सवय मात्र आम्हाला एआयच्या आधीपासून आहे. हंगाम ऐन भरात असताना, ५ जुलै २०२४ला, रिटर्न भरण्याच्या सरकारी प्रणालीत बदल झाला आणि शेअरच्या अल्पमुदतीच्या नफ्यावर, कमी उत्पन्नाला मिळणारी ८७ एची सूट मागायची सोयच बंद झाली. कायद्यात एक अक्षर बदललं नव्हतं. आमच्यातल्या बहुतेकांनी ‘सिस्टिम घेत नाही हो’ असं सांगून क्लायंटला कर भरायला लावला. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने मात्र जनहित याचिका केली. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की सूट मिळते की नाही हे अधिकारी ठरवतील, पण ती मागण्याची वाटच सॉफ्टवेअरने बुजवता येणार नाही. कायदा वाचलेला माणूस लागतो तो इथे, रिटर्नमधले रकाने भरायला नव्हे.

रकाने तर भरलेलेच येतात. जीएसटीत खरेदीवरच्या क्रेडिटचा तक्ता, टू-बी, तयार मिळतो, प्राप्तिकरात एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात व्याज, लाभांश, शेअर, जमीन सगळं आधीच मांडलेलं असतं. खात्याकडेही एआय आहे. खोट्या वजावटींवर जुलै २०२५मध्ये देशभर दीडशे ठिकाणी तपासणी झाली, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे दावे स्वतःहून मागे घेतले, असं खात्यानेच जाहीर केलं. ‘आमचा माणूस रिफंड काढून देतो’ अशी ज्यांची ख्याती होती, त्यांचे फोन त्यानंतर बरेच दिवस लागत नव्हते.

एआयएसमध्ये आकडा असतो, त्यामागची हकिगत नसते. मागे शिरोळ तालुक्यातलं एक प्रकरण आलं. जमीन विकली, खरेदीखताची सगळी रक्कम थोरल्या भावाच्या पॅनवर दिसत होती. सात-बारा काढला तर नावं तीन भावांची, आणि पैसेही तिघांत वाटलेले. पुढचा प्रश्न, ही जमीन भांडवली मालमत्ता धरायची की ग्रामीण शेतजमीन म्हणून करातून सुटायची? ते शहराच्या लोकसंख्येवर आणि हद्दीपासूनच्या अंतरावर ठरतं : दहा हजार ते एक लाख वस्ती असेल तर दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा, त्यावर आठ. यंत्राला विचारलं, तर त्याने सरसकट आठ किलोमीटर सांगितलं. आमच्या गावाला सहा लागू. अंतर रस्त्याने नाही, हवाई मोजायचं. आणि हद्द कोणती, विक्रीच्या तारखेची. हे सगळं नकाशा पसरून, तलाठ्याकडचे कागद आणून, तिन्ही भावांना समोर बसवून झालं. धाकट्याचं आणि थोरल्याचं बोलणं बंद होतं, तेही त्यात आलं. या कामाचे मी पैसे घेतले आणि ते रिटर्नच्या फीपेक्षा कितीतरी जास्त होते.

आमच्या गावात कायद्याने काम खाल्ल्याचंही ताजं उदाहरण आहे. पॉलिस्टर सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के जीएसटी होता, त्यामुळे कापड करणाऱ्याकडे क्रेडिट साठायचं आणि परतावा मागावा लागायचा. या अर्जांवर गावातली काही कार्यालयं चालली. २२ सप्टेंबर २०२५पासून ते सूतही ५ टक्क्यांवर आलं आणि झरा आटला. यात एआयचा काही संबंध नाही, जीएसटी परिषदेची एक बैठक पुरली. कारखानदाराचा पैसा अडकायचा थांबला हे उत्तमच झालं. पण एकाच प्रकारच्या अर्जावर कार्यालय उभं करणाऱ्यांनी यातून काय ते समजावं.

त्याच्याउलट ४५ दिवसांचा नियम. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं वेळेत दिलं नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येतो, हे २०२३-२४च्या हिशोबांपासून आलं. कापडबाजारात तर उधारी साठ-नव्वद दिवसांची. थकलेल्या बिलांची यादी यंत्र क्षणात देतं. पण समोरचा माल बनवणारा आहे की नुसता व्यापारी, हे पाहावं लागतं; उद्यम नोंदणी दोघांकडेही असली तरी नियम दोघांना सारखा नाही. मुदतीचा लेखी करार नसेल तर ४५ नाही, १५ दिवस धरायचे. त्या मार्चमध्ये मी रिटर्नपेक्षा जास्त वेळ व्यापारी आणि कारखानदार यांना एका टेबलावर बसवून करारांचे मसुदे करण्यात घालवला.

मला खरी काळजी आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्याआधी उमेदवारी करणाऱ्या मुलांची आहे. व्हाउचर चढवता चढवता आम्हाला वास यायला लागायचा. तीन वेगळ्या दुकानांची बिलं आणि अक्षर एकाच हाताचं. बंदच्या दिवशीचं डिझेल. आता चढवायचं काम यंत्र करणार, आणि आर्टिकलशिपही तीन वर्षांवरून दोनवर आली आहे. मग नजर तयार कुठे होणार? मी मुलांना यंत्राने केलेलं काम देते आणि त्यात न पटणाऱ्या जागा शोधायला लावते. आणि कारखान्यात पाठवते. मागांचं लाइट बिल आणि उतरलेल्या कापडाचे मीटर जुळतात का, वेस्टेज किती जातं, बिम कुठून येतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा ताळेबंद वेगळा वाचतो. पालक तक्रार करतात, मुलगा शिकायला ठेवला की मागावर. मी म्हणते, दोन्ही.

गुपिताचं थोडक्यात. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर देणं १९४९च्या सनदी लेखापाल कायद्याखाली व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वेगळाच. तरीही फुकटच्या चॅटबॉटमध्ये पॅनसकट बँक स्टेटमेंट टाकणारे माझ्या ओळखीत आहेत. नाव, पॅन, खाते क्रमांक काढून मगच विचारावं. पाच मिनिटं जातात.

राहता राहिली फी. साध्या रिटर्नचा दर पडणार आणि तो धरून ठेवण्यात अर्थ नाही. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेला पगारदार आपलं रिटर्न मोबाइलवर भरतो, त्याने भरावंच. मी बिलात आता दोन ओळी केल्या आहेत : एक भरण्याची, दुसरी सल्ल्याची. पहिली कमी केली, दुसरी वाढवली. काही क्लायंट गेले. एक जुने कारखानदार मात्र बिल बघून म्हणाले, ‘मॅडम, मोबाइलमध्ये हे फुकट कळतंय की.’ मी म्हटलं, विचारा की, आणि उत्तर घेऊन या, मी तपासून देते; तपासायची फी वेगळी. ते खरंच आणतात, प्रिंट काढून, पिवळ्या पेनाने रेघा मारून. त्यातलं निम्मं बरोबर असतं. फी मी पूर्ण लावते.