जुन्या मोटारीचा हिवाळा

गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारची गोष्ट. राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक जुनी फियाट मोटार बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्यावर तीन माणसे वाकली होती. एक आमचे घरमालक, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. दुसरे वृद्ध मोटार-मिस्त्री, ज्यांना सारा मोहल्ला चाचा म्हणतो. आणि तिसरा प्रस्तुत लेखक, ज्याचा यंत्रशास्त्राशी संबंध तोपर्यंत सायकलची साखळी बसविण्यापलीकडे गेलेला नव्हता. तापीवरून आपल्याच शाळेतील नववीचे चार विद्यार्थी परतत होते. त्यांनी नमस्कार केला, थोडा वेळ पाहिले, आणि त्यांतील एकाने मोठ्या निरागसपणे विचारले, "सर, ही भंगारात का देत नाहीत?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. ज्या मुलाने घरातील बिघडलेली वस्तू दुरुस्त होताना क्वचितच पाहिली, बदललेली मात्र नेहमी पाहिली, त्याला दुसरे काय सुचावे? मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली. वर्गात मी कोणाला असे करू देत नाही, म्हणून ती गोष्ट मनाला लागून राहिली. वार्षिक अंकाच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना, पण नीट द्यावे असे ठरविले.

जुन्या मोटारी जतन करणे हा धनिकांचा षोक आहे, हा सर्वसाधारण समज आहे. आमच्या कोंकणीत धनिकाला 'गिरेस्त' म्हणतात, आणि लहानपणी गोव्यात एखादी जुनी मोटार चकाकत जाताना दिसली की आमची आई ती 'गिरेस्तांची' म्हणून मोकळी होत असे. हा समज अगदीच निराधार नाही. दिल्लीत 1964 साली स्टेट्समन वृत्तपत्राने जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. मुंबईतही अशा फेऱ्या निघतात. त्यांत संस्थानिकांच्या रोल्सरॉइस मोटारींकडेच छायाचित्रकारांचे लक्ष असते. परंतु राजघाटाच्या उतारावर उभी असलेली मोटार त्या कुळातील नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. 1964 साली 'डिलाइट' आली, 1974 पासून तिलाच 'पद्मिनी' म्हणू लागले. इंजिन अवघे 1089 घनसेंटिमीटरचे, गियरचा दांडा स्टिअरिंगला लागून. परवान्यांच्या त्या काळात ती मिळण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. डॉक्टर, वकील, बेताचा व्यापारी, क्वचित एखादा काटकसरी मुख्याध्यापक, अशांची ही मोटार. मुंबईत तर ती टॅक्सी होऊन लक्षावधी लोकांची झाली. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत भरताच 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली, आणि त्या दिवशी ज्यांनी आयुष्यात स्वतःची मोटार घेतली नाही तीही माणसे हळहळली. आमच्या घरमालकांची मोटार 1969 ची आहे. त्यांच्या वडिलांनी घेतली, त्यांनी चालविली, आणि मुले पुण्याला गेल्यावर ती व काकू असे दोघेच वाड्यात उरले, असे ते स्वतःच म्हणतात. काकूंना हा उल्लेखाचा क्रम पसंत नाही.

आता हे सारे हिवाळ्यातच का, हे सांगितले पाहिजे. विलायतेत याच्या नेमके उलट चालते. तेथे लंडनहून ब्रायटनला जाणारी जुन्या मोटारींची प्रसिद्ध फेरी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी निघते. 1905 पूर्वीच्या मोटारी तीत भाग घेतात, आणि 1896 साली मोटारींवरील वेगाची जाचक बंधने सैल झाली त्या दिवसाची ती आठवण असते. त्यानंतर मात्र बहुतेक हौशी लोक आपल्या मोटारी झाकून ठेवतात, कारण बर्फ वितळावा म्हणून तेथील रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ पत्र्याला खाते. हे वाचले तेव्हा मला आमच्या गावाची आठवण झाली. मीठ तेथेही आहे, फक्त ते वाऱ्यातून येते. आमच्या मामांची मोटार समुद्रापासून दोन फर्लांगांवर उभी असे. एका पावसाळ्यानंतर मामांनी आतील चटई उचलली, तेव्हा पायाखाली अंगणातील गवत दिसले. मोटार त्यांनी विकली नाही, दुरुस्तही केली नाही. माड पडून ती मोडेपर्यंत आम्ही मुले तीत बसून मुंबईला जात असू.

बऱ्हाणपुरात खारा वारा नाही. येथे पावसाळ्याची ओल आहे आणि वैशाखाची आग आहे. या दोहोंच्या मध्ये दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत जो कोरडा, शहाणा काळ मिळतो, तोच दुरुस्तीचा. चार महिने उभ्या राहिलेल्या मोटारीची बॅटरी उतरलेली असते, ब्रेकमधले रबर चिकटलेले असते, तारांवर बुरशी आलेली असते. त्यात पहाटेच्या गारठ्याने इंजिनातील तेल घट्ट होते आणि चोक ओढूनही ती नुसती कण्हते. म्हणून आमचे घरमालक ती उतारावर, तोंड तापीकडे करून ठेवतात. स्वतः सुरू झाली नाही तर राजघाट तिला सुरू करतो.

रेडिएटरची कथा तर खास या गावचीच आहे. 1615 साली, खानखाना अब्दुर्रहीम येथे सुभेदार असताना, फारसी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी भूमिगत बोगद्याने शहरात आणले. तो कुंडी भंडारा आपण सहलीत पाहतो. खाली उतरल्यावर त्याच्या भिंतींवर चढलेले चुन्याचे पांढरे थर आपण हाताने चाचपतो आणि पुढे जातो. तेच पाणी रेडिएटरमध्ये घातले, तर तोच चुना त्याच्या सुतासारख्या नळ्यांत बसतो आणि मोटार वैशाखात असीरगडाच्या चढावर वाफ सोडते. चाचांनी मला हे सांगितले तेव्हा इतकी वर्षे सहली नेऊनही मी ते थर कधी पाहिलेच नव्हते, असे वाटले. ते रेडिएटरमध्ये आपले पाणी घालत नाहीत. बॅटरीचे शुद्ध पाणी विकत आणतात. पेट्रोलचेही तसेच. 2025 पर्यंत आपल्या देशातील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळू लागले. उसाच्या शेतकऱ्याला त्याने चार पैसे मिळत असतील तर कोणी कुरकुर करू नये. परंतु इथेनॉल हवेतील ओल शोषते आणि जुन्या पद्धतीचे रबर फुगविते. 1969 च्या मोटारीला हे पथ्य कोणी सांगितले नव्हते. म्हणून पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करावयाची आणि दिवाळीनंतर पेट्रोलच्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालावयाच्या, हे आता ठरून गेले आहे. कार्बोरेटरचे छिद्र मात्र तार घालून कधी साफ करावयाचे नाही. छिद्र किंचित जरी मोठे झाले, तरी मोटार जन्मभर जास्त पेट्रोल पिते.

पण माझ्या दृष्टीने खरा क्षण आला तो पॉइंट साफ करताना. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढल्यावर आत धातूचे दोन इवलेसे ठिपके एकमेकांना भिडतात आणि विलग होतात. त्यांना पॉइंट म्हणतात. ते भिडलेले असताना बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या पहिल्या वेढ्यांतून वाहतो. ते विलग होताच प्रवाह तुटतो, त्याने निर्माण केलेले चुंबकत्व क्षणात कोसळते, आणि दुसऱ्या, कितीतरी अधिक वेढ्यांच्या तारेत हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर वेळा. फॅरडेने 1831 साली शोधलेले हे तत्त्व शालेय पाठ्यपुस्तकात आहे. मीही ते पाठ करून गुण मिळविले होते. पुढे कला शाखेला जाऊन मी ते विसरलो, कारण मला ते मुळात कळलेच नव्हते. त्या रविवारी चाचांनी दोन पॉइंटांमध्ये जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून अंतर जुळविले, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, आणि तार इंजिनाच्या लोखंडाजवळ धरून निळी ठिणगी दाखविली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मला विद्युतचुंबकीय प्रवर्तन समजले. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण मुलांना ती ठिणगी दाखवितो का? कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे विचारण्याचेही धाडस मी येथे करीत नाही.

या छंदावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही मला मान्य आहेत. एक, या मोटारी नव्या मोटारींपेक्षा अधिक घाण धूर सोडतात. खरे आहे. वर्षाला दोनशे मैल चालणाऱ्या मोटारीने शहर काळवंडत नाही, हे उत्तर बरोबर असले तरी ते उद्दामपणे देऊ नये. दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. इंजिनातून काढलेले काळे तेल लोक कोठे टाकतात? मी पाहिले आहे कोठे टाकतात ते. ज्याला मोटारीची एवढी माया आहे त्याने तापीवर तेलाचा तवंग सोडावा, ही गोष्ट मला क्षम्य वाटत नाही. आमचे घरमालक ते डब्यात भरून ठेवतात आणि वापरलेले तेल घेणाऱ्याला देतात. त्यांच्या मोटारीजवळ उभे राहण्यास मी तयार झालो त्याचे हे एक कारण आहे.

आता सरकारी नियमांकडे वळू. 2021 सालच्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात 'व्हीए' ही मानाची अक्षरे. मान मोठाच; परंतु अशी मोटार नित्याच्या कामासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्तीला नेणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. दुसरी वाट म्हणजे इतर मोटारींप्रमाणे नूतनीकरण करीत राहणे. त्याचे शुल्क 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 झाले, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी 2025 मध्ये 10,000. आमच्या घरमालकांचा पुण्याचा मुलगा म्हणतो, बाबा, मानाची नोंदणी करून घ्या आणि मोटार जपा. घरमालक म्हणतात, त्या यादीत 'रविवारी सकाळी पत्नीस राजघाटावर नेणे' हे कोठे आहे?

या वादात मी बापाच्या बाजूचा आहे. मुलाचे म्हणणे सद्भावनेचे आहे, आणि महाराजांच्या मोटारींना तो नियम शोभूनही दिसतो. पण ही मोटार लोकांना बाजारात, लग्नाला, दवाखान्यात नेण्यासाठी निर्माण झाली. पुष्कळदा कुतूहलाने, कधी थोडा हेवा वाटून, तिच्याकडे पाहणारी माणसे रस्त्यावर असतात. काचेआड तिला कोण विचारणार? चालल्यामुळेच तिचे रबर नरम राहते, तेल फिरते, ब्रेक जागे राहतात. पाच-सहा वर्षे उभी राहिलेली मोटार पुन्हा चालविणे हे रोज चालणारी सांभाळण्यापेक्षा कितीतरी कठीण, हे चाचा शपथेवर सांगतात. दहा हजार रुपये मात्र निवृत्त माणसाला थोडे नव्हेत. अर्ज अजून टेबलावर पडला आहे. यंदाच्या उन्हाळ्यापूर्वी त्यांना काय ते ठरवावे लागेल.

आणि ठरवूनही भागणार नाही, कारण चाचांचे हात थरथरू लागले आहेत. त्यांचे वडील ताप्ती मिलच्या दिवसांत आणि पुढे यंत्रमागांवर जॉबरचे काम करीत. जुने यंत्र कानाने ओळखण्याची विद्या घरातच होती. चाचांचा मुलगा नव्या मोटारींच्या कारखान्यात कामाला आहे. तेथे संगणकाचा संच जोडला की दोष पडद्यावर उमटतो. तो मुलगा हुशार आहे. पण वडिलांचे पोस्टकार्ड त्याच्या कामाचे नाही. फेऱ्यांमध्ये ढाली मिळतात त्या मालकांना. मालकाच्या नावाखाली मिस्त्रीचे नाव कोरण्याची पद्धत कोठे असल्यास मला ती पाहावयास आवडेल. ज्या छंदात पैसा एकाचा आणि हात दुसऱ्याचा, त्या छंदाविषयी मला फारसा आदर नाही. मालकाने निदान रविवारी तरी बाह्या वर कराव्यात. आमच्या घरमालकांची नखे दिवाळीपासून काळी असतात, आणि काकू त्यांना ताटावर बसू देण्यापूर्वी हात दोनदा धुवावयास लावतात.

त्या रविवारी प्रश्न विचारणारा मुलगा पुढच्या रविवारी एकटाच आला. भंगाराचा विषय त्याने काढला नाही. चाचांच्या हातून पोस्टकार्डाचा तुकडा दोनदा खाली पडला, तेव्हा तिसऱ्या वेळी त्याने तो उचलून स्वतःच पॉइंटांमध्ये सरकविला, आणि चाचा नुसते "थोडं अजून, बेटा, थोडं अजून" म्हणत राहिले. मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली असे लिहिण्याचा मोह होतो. ती झाली नाही, राजघाटाचा उतार घ्यावा लागला. पण उतार संपण्याच्या आत ती जागी झाली आणि काकू शालीतल्या शालीत हसल्या.

पुढील दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, आम्ही तिघे पुन्हा तेथे असू. चाचांनी येण्याचे कबूल केले आहे. ज्या विद्यार्थ्यांना यावयाचे असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे आणि येताना घरून एक रिकामा डबा आणावा, तेलासाठी. विद्यार्थिनींनीही यावे, पॉइंटांतील अंतर जुळविण्यास ज्या बारीक हातांची गरज असते, ते आमच्या तिघांपैकी कोणाकडेच नाहीत.