‘झालं’ म्हणणारं यंत्र

अब्बांच्या उर्दू वहीची पानं स्कॅन करून मी पेनड्राइव्हवर घेतली होती. संगणकानं सांगितलं, कॉपी झाली. वर्षानं उघडतो तर निम्म्या फायली कोऱ्या. वही तर पुराच्या ओलीत आधीच गेलेली.

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. ‘सर, पेनड्राइव्ह न पाहता सांगता येणार नाही. पण लिहितानाची चूक कुणीतरी मधेच गिळते, असं मोठ्यांच्या घरीही होतं,’ म्हणाला आणि त्यानं २०१८ साली गाजलेलं पोस्टग्रेस डेटाबेसचं प्रकरण सांगितलं.

लिनक्समध्ये लिहिलेला मजकूर आधी मेमरीत थांबतो, मग डिस्कवर उतरतो. ‘उतरला का?’ असं खात्रीनं विचारायला ‘एफसिंक’ नावाची सोय आहे. डिस्कनं नकार दिला की ड्रायव्हर तो वर कळवतो. इथवर ठीक. पण लिनक्स ती चूक एकदा सांगायचं आणि मेमरीतल्या त्या पानावर ‘लिहून झालं’ अशी खूण करून मोकळं व्हायचं. पोस्टग्रेसनं पुन्हा विचारलं की उत्तर यायचं, सगळं ठीक! मजकूर डिस्कवर नसायचाच.

आम्हा बावडेकरांना हे लगेच कळावं. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर आमच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतं. ४३ फूट म्हणजे धोका. समजा, बंधाऱ्यावरच्या माणसानं एकदा ‘४३ झालं’ म्हणून सांगितलं आणि पुन्हा विचारल्यावर ‘काही नाही, झोपा’ म्हणाला तर?

फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसनं दुरुस्ती केली. आता पहिल्याच नकाराला ते पुन्हा विचारत बसत नाही, सरळ बंद पडतं आणि आधीच लिहून ठेवलेल्या रोजनाम्यावरून नोंदी नव्यानं उभ्या करतं. चालता डेटाबेस बंद पाडणं काहींना अघोरी वाटेल. मला तोच शहाणपणा वाटतो. खोट्या ‘ठीक’वर पुढं लिहीत राहिलं, तर नुकसान कुठून सुरू झालं हेही सापडत नाही.

उर्दूत चूक कबूल करण्याला ‘एतराफ’ म्हणतात. वर्गात हा शब्द मी माणसांपुरताच शिकवत आलो. आमच्याकडे ऑनलाइन माहिती भरताना हिरवी खूण आली की सगळे उठतात. भरलेलं पुन्हा उघडून पाहणारा संशयी ठरतो, आणि तो बहुधा मीच असतो.

अब्बांच्या वहीची उरलेली पानं मी परवा छापून घेतली. एकेक पान मोजलं. एकेचाळीस भरली.